आभाळातून आलेले लाल दाणे

एलिया मास्तर अमेरिकेला जाऊन आलेला. मिशननं त्याला वर्षभर तिकडं शिकायला पाठवलं होतं. परत आल्यावर तो नगरच्या शाळेत भूगोल शिकवू लागला. बहात्तरचा दुष्काळ पडला, जामखेडकडच्या माळावर खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा मजुरांना सुकडी, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या पिठाचा पौष्टिक खाऊ, वाटायला मिशननं त्यालाच धाडलं.

दुपारी घमेली उपडी घालून माणसं बाभळीखाली टेकली की कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, त्या पेटीतलं सांगा की."

पेटी म्हणजे टेलिव्हिजन. अमेरिकेत एलिया ज्या घरी राहायचा तिथं एक जुनी मालिका लागे. दर खेपेला गोष्ट नवी, माणसं नवी. कधी यंत्र धन्यावर उलटे, कधी दुसऱ्या ग्रहावरचं कुणी रात्री दार वाजवी. त्यातले अंगावर काटा आणणारे भाग एलिया निवडून सांगायचा. पोरं वर्गात जांभया देत. इथं हातोडी टाकून माणसं ऐकत. त्याला ते फार गोड लागे.

सगळ्यात पुढं बसायची छबूबाई. खडीवरच्याच बन्सीची बायको, पहिल्या खेपेची पोटुशी. भ्याली की पदर तोंडात धरायची, पण उठायची नाही.

एका आठवड्यात रेशनवर मिलो आला. अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापावी तर तुटायची, चवही परकी. सगळे त्याच्या नावानं बोटं मोडत होते. एलियाला सुचलं.

"तिकडंबी असाच दुष्काळ पडला," त्यानं आवाज खाली आणला. "मग आभाळातून चांदीच्या कपड्यांतली माणसं उतरली. त्यांनी धान्य वाटलं. लाल दाणे. लोकांनी पोटभर खाल्लं. पण पुढं त्या गावात जी पोरं जन्मली, ती आईला ओळखेनात. पाजायला घेतलं तरी तिच्याकडं बघायची नाहीत. टक लावून आभाळाकडंच."

मूळ भागात ना दुष्काळ होता ना धान्य. चांदीवाली माणसं औषधाच्या बाटल्या वाटत होती, एवढंच. लाल दाणे एलियानं पदरचे घातले होते.

मग छबूबाईनं विचारलं, "खरं का हो, मास्तर?"

"या डोळ्यांनी पाहिलंय."

पाहिलं तर होतंच. पेटीत पाहिलं, एवढं सांगायचं त्यानं टाळलं.

काही दिवसांनी बन्सीनं त्याला बाजूला घेतलं. "मास्तर, हिनं मिलो सोडला. सुकडीबी मलाच देती. म्हनती, तीबी अमेरिकेचीच. घरची मूठभर ज्वारी हाय, तिची पेज पिऊन खडी फोडती. तुमी सांगा जरा."

एलिया तसाच उठला. छबूबाई उन्हात हातोडी मारत होती. गालांची हाडं वर आली होती.

"छबूबाई, ती नुसती गोष्ट होती. नाटकासारखी. दाण्यांचं तर मीच जोडलं."

"तवा तर डोळ्यांनी बघितलं म्हनला."

"खोटं बोललो."

"तवा न्हाई, आता बोलताय. मी खावं म्हनून." ती हसली. त्याच्यावर तिचा राग नव्हताच.

त्यानं बन्सीच्या फडक्यातली मिलोची भाकरी घेतली आणि तिच्यासमोर उभ्यानं खाल्ली. "बघा. काय झालं मला?"

"तुमच्या पोटात मूल न्हाई, मास्तर."

मिशनच्या दवाखान्यातल्या लिडिया नर्सला त्यानं बोलावून आणलं. तिनं समजावलं, दटावलं. छबूबाईनं सगळ्याला व्हय म्हटलं आणि खाल्लं काही नाही. पुढच्याच आठवड्यात ती खडीच्या ढिगावर कोसळली. बैलगाडीतून दवाखान्यात नेली. सातव्या महिन्यातच मुलगा झाला आणि संध्याकाळच्या आत गेला.

"अंगात रक्तच नव्हतं हिच्या," लिडिया म्हणाली. "पोटभर खाल्लं असतं तर कदाचित..." एलियाचा चेहरा पाहून ती थांबली.

तो खाटेपाशी गेला. वाटेत ठरवलं होतं, पाय धरायचे आणि सगळं पुन्हा सांगायचं. छबूबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याला पाहताच तिनं डोक्यावर पदर घेतला.

"मास्तर, तुमचे लई उपकार झाले."

"माझे?"

"तुमी सांगितलं म्हनून मी सावध ऱ्हायले. गेला, त्याचं नशीब. पन माझाच हुता. जाईपातूर माझ्याच तोंडाकडं बघत हुता."

एलियाच्या ओठांवर शब्द आले होते. ते बोलून दाखवले तर हिच्याकडं उरलेलं तेवढंही आपण काढून घेऊ, हे त्याला कळलं. त्यानं तिच्या पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तो निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं बाभळीखाली जमली. पुंजाराम मुकादम म्हणाला, "मास्तर, होऊन जाऊ द्या एखादी."

"आता आठवत नाहीत," एलिया म्हणाला, आणि सुकडीचं पातेलं घेऊन रांगेच्या त्या टोकाला गेला.