पुढच्या टाचा

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि नुसतं ऐका. लाल मातीचा चढाचा रस्ता आहे. तुम्ही धावताय आणि तुमच्या मागून कुणीतरी येतंय. थप, थप, थप. ते माणूस ताजं आहे की थकलेलं, हे मागे वळून न बघता सांगता येईल?

इटेन गावाजवळच्या टेकडीवर राहणाऱ्या जेसांगला सांगता येत असे, आणि तिला त्याचा भारी अभिमान होता.

तिची थोरली बहीण प्रिस्का मॅरेथॉन धावणारी. दर गुरुवारी पहाट फुटता फुटता ती लांब पल्ल्याला निघे. खाली दरीच्या कडेनं, शेतांमधून, मोठा वळसा घालून परत. अशा धावण्यात पुढे एक जण लागतो. थकलेलं डोकं वेगाचा हिशेब ठेवत नाही. ते फक्त समोरच्या टाचांकडे बघतं आणि त्या नेतील तिकडे जातं. शेवटच्या चढावर त्या टाचा जेसांगच्या असत. सुरूच्या झाडांपाशी ती थांबायची, ताई दिसली की पुढे व्हायची आणि तिला घरापर्यंत वर आणायची. ताईला धावणं शिकवणाऱ्या चेबोई मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "मागे बघायचं नाही. बघायचं काम तिचं, ऐकायचं तुझं."

ताईला घरी आणणाऱ्याला आईच्या किटलीतला पहिला चहा मिळे, निळ्या मगातून. तो मग जेसांगचाच, असं सगळं घर धरून चाललं होतं.

मग मावशीची डोरकास राहायला आली. सतरा वर्षांची, लांब पायांची. ती अर्ध्या वाटेपासून ताईच्या पुढे धावू शके. मास्तर म्हणाले की चढही तीच करेल. मध्येच टाचा बदलल्या की ताईची लय मोडते. जेसांगनं फाटक उघडून ठेवावं, म्हणजे ताईला एकदम थांबावं लागणार नाही. तिच्या डाव्या पोटरीचं जुनं दुखणं होतं. धावता धावता कचकन थांबली, तर ती पोटरी धरायची.

फाटक! गाईंसाठी आडवा लाकडी दांडा लावलेलं ते फाटक कुणीही उघडलं असतं. त्या गुरुवारी निळा मग डोरकासच्या हातात गेला. वर तिनं थट्टा केली, "काय फाटकाच्या साहेबीणबाई, दांडा जड नाही ना?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली, आणि तेच जेसांगला जास्त लागलं.

त्यानंतर डोरकासचं काहीच तिला पाहवेना. ताईच्या वेण्या आता डोरकास घाले. ताई तिला आपले जुने बूट देते काय, मक्याच्या घट्ट उगालीच्या ताटावर दोघी खांद्याला खांदा लावून बसतात काय! जेसांग पलीकडे बसून नाक मुरडी आणि मनात म्हणे, ही धावते कसली, उंटासारखी मान हलवते. डोरकास झोपेत घोरते, हेही तिनं आईला दोनदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, तूही घोरतेस.

असा ताईच्या मोठ्या शर्यतीआधीचा शेवटचा लांब पल्ल्याचा गुरुवार आला. दुखण्यामुळे प्रिस्काचं एक आख्खं वर्ष वाया गेलं होतं. फार खटपटीनं या शर्यतीचं बोलावणं आलं होतं, आणि आता पोटरी पुन्हा बिघडली असती तर पुढचं बोलावणं येणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, जेसांगलाही.

तरी ती फाटकाशी थांबली नाही. सुरूच्या झाडांआड जाऊन उभी राहिली. मास्तरांची मोटारसायकल मागे पडलेल्या इतर धावणाऱ्या पोरांना पाणी देत खालीच होती. डोरकास आली, तिच्या मागे ताई. जेसांग झाडाआडून सुटली ती थेट डोरकासच्या पुढे.

आणि धावली. आज सगळ्यांना कळू दे, या चढावर कुणाचे पाय चालतात ते! ती ताजी होती, त्या दोघी दरी पालथी घालून आल्या होत्या, याचा तिला विसर पडला. तिनं वळून पाहिलं. डोरकास मागे पडली होती. जेसांगला इतकं बरं वाटलं, की तिनं पुन्हा वळून पाहिलं, आणि पुन्हा. ताईची नजर मात्र खाली होती, जेसांगच्या टाचांवर. त्या पळत होत्या, म्हणून ताईही पळत होती.

मागून डोरकासचा धापा टाकणारा आवाज आला, "जेसांग, मला बघू नकोस. तिचा पाय ऐक."

जेसांगनं मान पुढे केली आणि ऐकलं. थप, खर्र. थप, खर्र. ताईचा डावा पाय मातीवर घासत होता.

पण एकदम थांबून चालणार नव्हतं. तिनं पावलं थोडी आखडली, मग आणखी थोडी. खर्र हळूहळू बारीक झालं. डोरकास येऊन पोचली.

तेवढ्यात वळण संपलं आणि समोर फाटक दिसलं. बंद. दांडा आडवा, जसा पहाटे होता तसाच.

आता एकीनं ताईच्या पुढे राहायला हवं होतं, तिला सांभाळून आणायला. आणि एकीनं जोरात सुटून दांडा काढायला हवा होता. ताजे पाय जेसांगचेच होते. निळा मग तिच्या डोळ्यांपुढे आला. खोटं कशाला सांगू?

"तू घे तिला," ती डोरकासला म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला सरकली. ताईच्या नजरेसमोर डोरकासच्या टाचा नीट आल्या, तशी कडेकडेनं जीव खाऊन ती पळत सुटली. तिनं दांडा ओढून गवतात टाकला, फाटक सताड उघडलं. मग खांबाला पाठ लावून डोळे मिटले, आणि ताईचा डावा पाय ऐकत उभी राहिली.