रुसलेला टोप

दोन फेब्रुवारीला अर्ध्या गल्लीला तमाल खायचे होते, आणि आमचा टोप रुसून बसला होता.

आमच्याकडे सहा जानेवारीच्या सणाला गोड पावात छोटी बाहुली लपवतात; ज्याला ती सापडते, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याचे वाफवलेले तमाल खाऊ घालायचे. यंदा बाहुली सापडलेले सातही जण आळशी निघाले. सगळ्यांची ऑर्डर आमच्याच खाणावळीत! आणि आईने जाहीर करून टाकलं, "सित्लाली, यंदा सगळं तू कर. जमलं तर उद्यापासून हे स्वयंपाकघर तुझं. मी घरी बसते." पणजीपासूनची चूल! तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.

मक्याचं पीठ मी स्वतः फेटलं. गोळा पाण्यावर तरंगला, म्हणजे पीठ झकास. सारण भरून, कणसाच्या सालात गुंडाळून दीडशे तमाल टोपात उभे केले. तळाच्या उकळत्या पाण्यात टाकलेलं नाणं खडखडत होतं, म्हणजे पाणीही आटलं नव्हतं. दोन तासांनी साल सोडून बघते, तर आत कच्चा लगदा!

"कोणीतरी चिडलंय," फर्मिन मामा म्हणाला. "स्वयंपाकघरात राग असला की तमाल शिजत नाहीत."

"मामा, मी तीन वर्षं स्वयंपाकाचं कॉलेज केलंय."

"मग शिजव की!"

मामाने सालाच्या पट्ट्या टोपाच्या दोन्ही कड्यांना बांधल्या, म्हणजे टोपाला कानातलं मिळालं. मग मला टोपापुढे नाचायला लावलं. कॉलेज केलेली बाई एप्रन घालून नाचली. तरी कच्चेच.

"म्हणजे तूच चिडलीयेस," मामा म्हणाला.

"चिडेन नाही तर काय! सकाळी पीठ खारट म्हणालास!"

"खारट होतंच!"

शेवटी टोपासमोर गळ्यात गळे घालून आम्ही एकमेकांची माफी मागितली. टोप ढिम्म.

आई कोपऱ्यात कांदा चिरत बसली होती. तमालात कांदा नव्हताच.

"आई, तू चिडलीस का गं?"

"मी कशाला चिडू?" सुरी खटकन आपटली. "उद्यापासून मजाच. टीव्ही बघीन." खट.

"एर्लिंदा," मामा म्हणाला, "आम्हाला नको सांगूस. टोपाला सांग."

आई सुरीसकट टोपासमोर उभी राहिली. "ऐक रे मेल्या. मला घरी नाही बसायचं."

"अगं, तूच तर म्हणालीस!"

"मी म्हणाले म्हणून लगेच हो म्हणायचं? एकदा तरी 'नको' म्हणायचं ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही टोपालाच सांगितलं, "मला ही चूल हवीये. फार हवीये. पण आई नसली तर माझं चुकलेलं मला कोण सांगणार? मामाचं मी ऐकत नाही."

"ते दिसतंच आहे," मामा म्हणाला.

आई फसकन हसली. डोळे पुसत म्हणाली, "कांदा फार झोंबतो गं." तिनेच झाकण ठेवलं.

अर्ध्या तासात साल अलगद सुटलं. आईने पहिला घास घेतला.

"खारट आहे."

"सकाळपासून तेच सांगतोय!" मामा ओरडला.

"पीठ उद्यापासून मी फेटणार," आई म्हणाली आणि पणजीचा लाकडी डाव माझ्यापुढे धरला. "बाकी सगळं तुझं. घे."

"नको," मी म्हणाले.

आईचा चेहरा असा काही खुलला! मग तिने डाव जबरदस्तीने माझ्या हातात कोंबला.