परत फिरणाऱ्याचा केक

अपघात चौकशी मंडळाचा अहवाल वर्षभरानं आला. एव्हर्टचं विमान टेकडीवरच्या जंगलात का कोसळलं, हे त्यात सविस्तर लिहिलं होतं. इंजिन ठणठणीत होतं. पेट्रोल होतं. वैमानिकाची तब्येत वयाच्या मानानं जरा जास्तच चांगली होती. ढग खाली येत गेले, त्यांच्याखाली विमानही खाली येत गेलं, आणि शेवटी ढग आणि झाडं यांच्यामध्ये त्याला जागा उरली नाही. मागे वळायला वाव होता, भरपूर होता. वैमानिक का वळला नाही, याचं कारण मात्र सापडलं नाही, असं मंडळानं अखेरीस नम्रपणे कबूल केलं होतं.

एव्हर्टच्या बायकोला, गुनहिल्डला, ते कारण कृतीसकट पाठ होतं. किती अंडी, किती साय, सगळं.

स्वीडनमधल्या स्कुगाबी गावच्या फ्लाइंग क्लबात एक प्रथा होती. हवा बिघडली म्हणून जो अर्ध्या वाटेवरून परत येईल, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना कॉफीबरोबर केक खाऊ घालायचा. क्लबच्या संस्थापकानं ही प्रथा पाडली तेव्हा ती बरोबर उलटी होती. जो शहाणपणानं परत येईल, त्याला क्लबनं केक द्यायचा. पण स्वीडिश माणसाला चारचौघांत कौतुक झालं की पॅन्ट सुटल्यासारखं वाटतं. कुणीतरी संकोचून म्हणालं, एवढं कशाला, मीच आणतो. पुढच्यानं तेच केलं. असं करत करत बक्षिसाचा दंड कधी झाला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अपघाताच्या वर्षी वसंतात एव्हर्ट दोनदा परत आला आणि दोनदा केक घेऊन गेला. मग सगळे त्याला 'बेकरी' म्हणायला लागले. क्लबचा अध्यक्ष सिक्स्टेन, निवृत्त हेडमास्तर, त्याला दारातच अडवायचा. "काय बेकरी, आज उडायचंय, की ओव्हन तापत ठेवून आलायस?" एव्हर्ट सगळ्यांच्या आधी हसायचा. घरी आल्यावर मात्र बराच वेळ गाडीतच बसून राहायचा. तिसऱ्या वेळी ढग उतरले, तेव्हा तो वळला नाही.

त्यानंतरही प्रथा कुणी बंद केली नाही. बंद करायची तर का, हे कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं होतं. त्यापेक्षा लोक फक्त निळ्याभोर आभाळात उडायला लागले. एव्हर्टचा कॉफीचा कप क्लबातल्या भिंतीवरच्या खिळ्याला होता तसाच राहिला. आजूबाजूच्या खिळ्यांवरचे कप मात्र हळूहळू दुसरीकडं गेले. वाऱ्यानं दार वाजलं की बोलणं थांबायचं. सगळे दाराकडं बघायचे, आणि मग एकमेकांची नजर चुकवून पुन्हा हवामानावर यायचे.

एव्हर्टच्या मुलाला, योआरला, ह्याच क्लबात वैमानिकाचा परवाना मिळाला. गुनहिल्डनं अडवलं नाही. बापाचं वेड पोरात उतरतं, त्याला औषध नाही, हे तिला ठाऊक होतं. पोरानं फक्त वेळ आली की मागं वळावं, एवढंच तिला हवं होतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी योआर एकटाच टेकडीपलीकडच्या सरोवराकडं निघाला, आणि गुनहिल्ड अपघातानंतर पहिल्यांदाच क्लबात येऊन बसली. तिच्यासाठी लगेच खुर्ची ओढली गेली. कुणी काही बोललं नाही. इथं याला माया म्हणतात.

सकाळ स्वच्छ होती. पण दुसरी कॉफी ओतेपर्यंत टेकडीचा माथा दिसेनासा झाला, आणि मग टेकडीच दिसेनाशी झाली. बोलणं आटत गेलं. गुनहिल्डनं सिक्स्टेनला सांगितलं, वायरलेसवरून पोराला परत बोलाव. सिक्स्टेननं हेडमास्तरांच्या समजुतीच्या सुरात सांगितलं की निर्णय वैमानिकाचा असतो, आणि असं बोलावणं म्हणजे वायरलेस ऐकणाऱ्या सगळ्या टापूसमोर त्याचा अपमान.

"होऊ दे अपमान," ती म्हणाली. तिनं उठून वायरलेस स्वतःच हातात घेतला. "योआर, आई बोलतेय. मागं फिर."

उत्तरादाखल नुसती खरखर आली. ती ऐकताना सगळ्यांनी माना खाली घातल्या. मागच्या खेपेला ह्याच खोलीत ह्याच माणसांनी हीच खरखर ऐकली होती, आणि त्या वेळी बोलावणारं कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं धावपट्टीच्या टोकाला, गवताला लागून असल्यासारखं, विमान दिसलं. ते उतरलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बशीत चमचे ठेवल्याचे आवाज आले.

योआर दारात आला. चेहरा पांढराफटक, केस घामानं चिकटलेले. आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. टेकडीमागं गेल्यावर वायरलेस मुका होतो. मग वळलास कसा, तिनं विचारलं.

"जंगलात ती मोकळी जागा दिसते ना वरून," तो म्हणाला. "झाडं तुटलीत तिथं. आता बर्चची कोवळी झाडं उगवलीत. त्याच्या पुढं जाववेना." मग सगळे आपल्याकडंच बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि ओशाळं हसला. "सॉरी. पुढच्या रविवारी केक माझा."

कुणीतरी हसलं. सुटकेचं हसू होतं ते, पण हसू होतं. सिक्स्टेनच्याही ओठांवर जुन्या सवयीनं काहीतरी येऊ घातलं, आणि गुनहिल्डला ते दिसलं.

"चौकशीवाल्यांना जे कारण सापडलं नाही," ती म्हणाली, "ते आत्ता तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

हसू थांबलं. सिक्स्टेननं कॉफीची किटली उचलली, भरलेल्याच कपावर धरली आणि परत ठेवली.

"काय ऐकलं?" योआरनं विचारलं. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. "आई, काय ऐकलं ह्यांनी?"

गुनहिल्ड सिक्स्टेनकडं बघत राहिली, आणि बाकीचेही तिकडंच बघायला लागले. अखेर म्हातारा टेबलाचा आधार घेत उभा राहिला. "बस, पोरा," तो म्हणाला. "तुझ्या वडलांना आम्ही बेकरी म्हणायचो."