चिखलात रुतलेली कचेरी

मी एक जुनी लाकडी कचेरी आहे, मित्रांनो, आणि माझ्या वयाच्या इमारतीने जेवढे नम्र असावे तेवढी मी नाही. का असावे? एका गावाहून निघालेली, दुसऱ्या गावाला कधीच न पोचलेली आणि तरीही आपले काम न चुकवलेली कचेरी तुम्ही दुसरी पाहिली आहे का? तर मग बसा, सांगते.

कॅन्ससच्या माळरानावर सीडर बेंड नावाचे एक लहानसे गाव होते. तिथल्या लोकांनी नदीकाठची कॉटनवुडची झाडे तोडून मला बांधले. लाकूड ओले होते आणि माणसे घाईत होती. त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या फळ्या वाकल्या आणि फटींतून वारा शीळ घालू लागला. पण आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तेव्हा एवढे मोठे छप्पर दुसरे नव्हते. सकाळी माझ्यात खटले चालत, संध्याकाळी गाण्याचा वर्ग भरे, रविवारी प्रार्थना होई. आग विझवायच्या बादल्या माझ्याच भिंतीला टांगलेल्या असत. दर गुरुवारी बायकांचे मदत मंडळ येऊन गोधड्या शिवत बसे आणि साऱ्या काउंटीची खबरबात टाक्याटाक्याला बाहेर पडे. माझ्यात लग्ने लागली, काडीमोड झाले, आणि एका जोडप्याचे तर दोन्ही माझ्याच छताखाली झाले. मागच्या बाजूला एक कोठडी होती, तिला एवढीशी खिडकी होती. लोक मला बघून टोप्या काढत. मला ते आवडे.

मग प्रॉस्पर गाव उभे राहिले. आमच्याकडे रीत अशी, की कचेरी ज्या गावात ते गाव मोठे होते, दुकाने येतात, रेल्वेवालेही तिकडे वळून बघतात. कचेरी नसलेल्या गावात दोन वर्षांत पुन्हा गवत उगवते. म्हणून दोन्ही गावांत कचेरीवरून हाडवैर पडले. शेवटी मतदान झाले आणि प्रॉस्पर जिंकले. प्रॉस्परच्या कबरस्तानातले लोकही मत देऊन गेले, असे सीडर बेंडवाले सांगत फिरत. आपल्या कबरस्तानातल्यांना आपण दोनदा उठवले होते, हे मात्र ते सांगत नसत.

सीडर बेंडचे न्यायाधीश लेमुएल प्रॅट हट्टी गृहस्थ होते. निकाल ऐकताच त्यांनी वरच्या कोर्टातून मनाई हुकूम आणायला माणूस धाडला. ही बातमी प्रॉस्परच्या हायरम डूनला लागली. हा काउंटीचा चिटणीस. सरकारी शिक्का याच्याच खिशात असे आणि छाती त्या शिक्क्यापेक्षा फुगलेली असे. हुकूम यायच्या आत कचेरीच उचलून आणायची, असे त्याने ठरवले.

तुम्हाला नवल वाटेल, पण आमच्याकडे घरे उचलून नेणे ही रोजची बाब होती. फेब्रुवारीत जमीन दगडासारखी गोठलेली असते. त्यांनी माझ्याखाली दोन लांब ओंडके सरकवले, बैलांच्या जोड्यांमागे जोड्या जुंपल्या, आणि मी बर्फावरून घसरत निघाले. घाई इतकी, की मला रिकामे करायचेही कोणाच्या लक्षात आले नाही. शेगडी धगधगत होती, धुराड्यातून धूर निघत होता, बाके होती तिथेच होती. वाट उंचावरून वळसा घालून जात होती, पण डूनला वळसा नको होता. "ओढ्याच्या कडेने सरळ घ्या," तो म्हणाला. अर्ध्या वाटेवर दक्षिणेकडून उबदार वारा सुटला. बर्फ पाणी झाले, माती लोणी झाली, आणि मी उंबरठ्यापर्यंत चिखलात बसले. मित्रांनो, एवढ्या लोकांनी मला एकाच वेळी शिव्या घातल्याचा तो पहिलाच प्रसंग.

तेवढ्यात मागची खिडकी उघडली. कोठडीत टिब्स नावाचा एक कैदी दारू पिऊन मारामारी केल्याबद्दल शिक्षा भोगत होता. तो आत्ता जागा झाला. त्याने बाहेरचा माळ बघितला, बैल बघितले, आणि बाजूने चालणाऱ्या शेरीफला हाक मारली.

"शेरीफसाहेब, तुम्ही साक्षीला आहात बरं का. मी काही कोठडीतून पळालो नाही. कोठडीच मला घेऊन पळाली."

ज्या शेतात मी रुतले ते ब्रीता ओस्टलुंडचे होते; त्याच्या अलीकडचे शेत टिब्सचे. ही स्वीडनहून आलेली विधवा. मातीच्या ढेपांच्या एका खोलीत एकटी राहायची. तिचा नवरा नील्स त्याच शेतातल्या टेकाडावर पुरलेला होता. ती बाहेर आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि बैलवाल्या कुबिकला म्हणाली, "कुबिक, मी तुझ्याकडून एक गाडीभर गवत मागितलं होतं. कचेरी नव्हती मागितली."

"आता आलीच आहे तर ठेवून घे, बाई," कुबिक म्हणाला. तो बोहेमियाचा, तिचा पलीकडचा शेजारी. "जमीन वाळेपर्यंत माझे बैल काही हिला हलवत नाहीत."

ब्रीता हसली नाही. तिला हसण्यासारखे दिवस नव्हते. सरकारची जमीन पाच वर्षे कसली आणि तिच्यावर राहिले, की ती आपली होते. पण त्यासाठी जाहीर केलेल्या दिवशी काउंटीच्या कचेरीत न्यायाधीशासमोर दोन शेजाऱ्यांची साक्ष द्यावी लागते आणि चिटणीसाचा शिक्का घ्यावा लागतो. ब्रीताचा दिवस त्याच आठवड्यातला शुक्रवार होता. आणि वेंडेल स्लोन नावाचा माणूस त्या जमिनीवर डोळा ठेवून होता. मागच्या हिवाळ्यात ब्रीता दोन महिने घर सोडून गेली होती, म्हणजे तिने जमीन टाकली, असा त्याने दावा लावला होता. ती गेली होती हे खरेच. प्रॉस्परला घशाची साथ आली तेव्हा मदत मंडळाने तिला बोलावले होते. ती घरोघरी मुलांच्या उशाशी बसली होती.

शुक्रवार उजाडला आणि तमाशा सुरू झाला. मी तर होते ब्रीताच्या शेतात. न्यायाधीश प्रॅट सीडर बेंडला, मला उचलल्यावर मागे राहिलेल्या पायाच्या दगडांवर खुर्ची टाकून बसले. चारी बाजूंनी वारा, वर आकाश, अंगावर काळा कोट. "कचेरी इथेच आहे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. "तिच्या भिंती चोरीला गेल्यात, एवढंच." तिकडे प्रॉस्परला डूनने हॉटेलातल्या जेवणाच्या टेबलावर शिक्का मांडला आणि कचेरी इथेच आहे असे जाहीर केले. न्यायाधीश एकीकडे, शिक्का दुसरीकडे, इमारत तिसरीकडे. यातले एक जरी सूर्य मावळेपर्यंत जागेवर आले नाही, तर ब्रीताची जमीन जाणार होती.

ब्रीता सकाळीच आपला काळा पोशाख घालून माझ्यात येऊन पहिल्या बाकावर बसली. तिला तिथून हलता येत नव्हते, कारण स्लोन दारातच उभा होता. ती उठली की हजर नव्हती म्हणून तो बोंब मारणार होता.

"अंधार लवकर पडतो हल्ली," तो म्हणाला.

"तुला घाई असेल तर जा," ब्रीता म्हणाली.

मला फार राग आला होता, मित्रांनो. एवढी वर्षे माझ्यासाठी ही दोन गावे एकमेकांची डोकी फोडत होती, आणि ज्या दिवशी एका बाईला माझी खरी गरज होती त्या दिवशी माझ्यात काळे कुत्रे फिरकत नव्हते.

मग मदत मंडळाच्या बायका आल्या. हे मंडळ म्हणजे दोन्ही गावांत मिळून चालणारी एकच गोष्ट. पुरुष एकमेकांशी बोलत नसत, पण बायका सुई-दोरा घेऊन शेजारी बसत. त्यांनी शेगडी पेटवली, कॉफी चढवली, मक्याची भाकरी आणि घेवडा गरम केला. त्यांची अध्यक्ष अल्मीरा, म्हणजे चिटणीस डूनची बायको. तिने आत येऊन सगळा प्रकार पाहिला आणि कुबिकला बाजूला घेतले.

"कुबिक, तुम्ही सीडर बेंडला जा. जजसाहेबांना एवढंच सांगा, की हायरम शिक्का घेऊन निघालाय, कचेरीचा ताबा घ्यायला."

"निघालेत का?" कुबिकने विचारले.

"निघतील. मी त्यांना सांगायला चाललेय, की जजसाहेब निघालेत."

हॉटेलात काय झाले ते मला पुढे बायकांच्या बोलण्यातून कळले. डून म्हणाला, "अल्मीरा, तू यात पडू नकोस. कचेरी इथं आहे."

"इथं कालच्या रश्श्याचे डाग आहेत," अल्मीरा म्हणाली. "तिकडे जजसाहेब कचेरीत जाऊन बसले की मग तुमचा शिक्का मला द्या, बिस्किटं पाडायला होईल."

डूनने तसाच घोडा काढला.

दोघेही दोन दिशांनी चिखल उडवत आले आणि माझ्या दारात समोरासमोर उभे ठाकले. प्रॅट म्हणाले, कचेरी माझी, तुम्ही चोर. डून म्हणाला, कचेरी काउंटीने आम्हाला दिली, तुम्ही पाहुणे. आत कोणी आधी शिरायचे, यावर दोन थोर माणसे चिखलात उभी राहून भांडत होती, आणि सूर्य खाली चालला होता. शेवटी ब्रीता उठली आणि उंबरठ्यावर आली.

"कचेरी कोणाची ते तुम्ही दोघं बघा," ती म्हणाली. "पण खालची जमीन अजून माझी आहे. तेव्हा दोघंही पाहुणे माझे. बूट पुसा आणि आत या."

दोघांनी बूट पुसले. मला त्या वेळी इतका अभिमान वाटला, की फळ्या सरळ असत्या तर मी आणखी ताठ झाले असते.

स्लोनने मात्र एक डाव राखून ठेवला होता. न्यायाधीश बसताच तो उठला. "साहेब, जाहीर नोटिशीत कचेरी म्हटलंय. चिखलात पडलेल्या लाकडाच्या खोक्याला कचेरी म्हणत नाहीत. ही ना सीडर बेंडला आहे, ना प्रॉस्परला. इथं झालेलं काही टिकणार नाही."

प्रॅट कागद चाळू लागले. डून खिशातला शिक्का चाचपू लागला. हीच कचेरी म्हणावे तर आपल्या गावाचा दावा जातो, हे दोघांनाही कळत होते. ब्रीताचे हात मांडीवर घट्ट धरलेले मला दिसत होते. ती इतक्या हळू म्हणाली, की फक्त पुढच्या बाकाला ऐकू गेले, "नील्सला मी कुठं नेऊ?"

मागून कोठडीच्या दारावर कोणी तरी टकटक केली.

"साहेब," टिब्स आतून म्हणाला, "माझा एक साधा प्रश्न आहे. ही कचेरी नसेल तर मी कैदेत नाही. चार दिवस नुसता एका खोक्यात कोंडला गेलोय. मग हे दार उघडा, आणि कोणी कोंडलं तेही सांगा, म्हणजे मला दावा लावता येईल."

बायका आधी हसल्या. मग शेरीफ हसला. प्रॅटनी चष्मा काढून पुसला आणि डूनकडे पाहिले. डूनने मान खाली घालून शिक्का टेबलावर ठेवला.

"ही कचेरी आहे," प्रॅट म्हणाले. "टिब्स, तू कैदीच आहेस. आणि शेजारी म्हणून पहिली साक्ष तूच दे."

टिब्सने साक्ष दिली, कुबिकने दिली. स्लोनने दोन महिन्यांची गोष्ट काढली तेव्हा अल्मीरा उभी राहिली. "ते दोन महिने ती आमच्या घरात होती. माझी मुलगी वाचली. बाकीच्यांनी आपापलं सांगावं." एकेक बाई उठू लागली. काहींची मुले वाचली नव्हती, त्यांनीही उठून सांगितले. स्लोन केव्हा निघून गेला ते कोणी पाहिले नाही. अंधार पडायच्या आत शिक्का उमटला. बाहेर जाऊन ब्रीता टेकाडावर थोडा वेळ उभी राहिली आणि मग सगळ्यांना कॉफी वाढायला परत आली.

जमीन वाळली तेव्हा मला ओढायला कोणी आले नाही. दोन्ही गावांना माझ्यापर्यंतचे अंतर सारखेच पडत होते, आणि माझ्यात भांडायचे तर इथे येऊनही भांडता येते हे लोकांना कळले होते. ब्रीताने मला माझ्यापुरती जागा दिली. शरद ऋतूत पुन्हा मतदान झाले आणि मी इथेच राहावे असे ठरले. माझ्या छताखाली, तिच्या जमिनीवर, काउंटीतल्या झाडून साऱ्या पुरुषांनी मत दिले. बायकांना तेव्हा मत नव्हते. ब्रीता दाराशी उभी राहून बघत होती.

त्यानंतर माझे वैभवाचे दिवस आले. सभोवती रस्ता आला, टपाल आले, शाळा आली. पुढे शेजारी दगडी कचेरी बांधली आणि माझ्यात नांगर आणि रस्त्याची अवजारे ठेवू लागले. खिडकीच्या काचा पोरांनी फोडल्या, छपरात चिमण्या राहायला आल्या. मी रडले नाही. पण कान दाराकडे असत, एवढे कबूल करते.

मग एका वर्षी बायकांना मताचा हक्क मिळाला. दगडी कचेरीत गर्दी मावेना, म्हणून अवजारे बाहेर काढून मला झाडले, आणि दार उघडले. पहिल्यांदा ब्रीता आली. केस पांढरे झालेले, अल्मीराची मुलगी तिच्या हाताला धरून. डूनच्या जागी आता एक तरुण चिटणीस बसत होता. त्याने आदराने विचारले, "आजी, राहता कुठं? मतदाराला सांगावं लागतं."

"इथंच," ब्रीता म्हणाली आणि मत टाकले.

मित्रांनो, माझ्यासारखी इमारत पावसाने कुजत नाही. लोक यायचे थांबले की कुजते. तुमच्याही गावात कुठे तरी माझी एखादी बहीण उभी असेल, सभेची, शाळेची, पंचायतीची. तिच्या दारावर कुलूप दिसले तर पुढे जाऊ नका. किल्ली कोणाकडे आहे ते विचारा, आणि आत जाऊन बसा.