काचघरातली खुर्ची

"त्या खुर्चीवर रोपं ठेवायची नाहीत, किती वेळा सांगायचं?"

"रोपं कुठे ठेवलीत? ट्रे ठेवलाय."

"आणि ट्रेमध्ये काय आहे, कपबश्या?"

आमचे हे हसलेसुद्धा नाहीत. काचघराच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून मिरचीच्या रोपांवर फवारा मारत होते, आणि त्यातलं निम्मं पाणी त्या नव्याकोऱ्या आरामखुर्चीवर उडत होतं. खुर्ची लेकीने पाठवलेली. पाठ टेका, पाय लांब करा, सगळी सोय. पण स्वतः बसायचं सोडून यांनी तिच्यावर टोमॅटो बसवले होते.

हे लिफ्टदुरुस्तीच्या कामात होते. आख्खी नोकरी उभ्याने केली. गल्लीत अजूनही यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखतात. निवृत्त झाल्यावर मोडीत निघालेल्या खिडक्या गोळा करून परसात हे काचघर उभं केलं. मग काय, सकाळचा चहा झाला की जे आत जायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत तिथेच.

गेल्या वर्षी यांना हृदयविकाराचा झटका आला. वाचले. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, "थोडं काम केलं की बसायचं. दम लागेपर्यंत उभं राहायचं नाही. हृदय आता निम्म्या ताकदीवर चालतंय." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे म्हणतात कसे, "निम्म्या ताकदीवर मी लिफ्टसुद्धा चालवल्यात." मला भर रस्त्यात रडू फुटलं. तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला, की या माणसाला बसवायचं.

घरात बसत नाहीत ना, मग काचघरात बसतील, असं म्हणून मी कंबर कसली. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवण्यात माझी हयात गेलीय, त्यामुळे मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. खुर्चीला छान जाड गादी केली, सुती कापडाची. आठवडाभरात तिला बुरशी आली. रोपांना हवा लागते ओली, गादीला लागते कोरडी, आणि मधल्या मधे माझी मेहनत पाण्यात. मग छत्रीच्या कापडाची खोळ शिवली. झाडांचा ओला कोपरा वेगळा राहावा म्हणून जाड प्लॅस्टिकचा पडदा शिवून टांगला. पायाखाली चटई घातली, तर हे तिला अडखळले आणि मलाच ओरडले. बाजूला छोटं टेबल ठेवून त्यावर मासिकं मांडली. दुसऱ्या दिवशी मासिकांवर खताची पुडी.

लेक फोनवर हसायची. "आई, तू त्यांना बसवायला निघालीयस की स्वतः उभी राहून दमायला?"

"तू गप गं. तुझा बाप आहे म्हणून इतकी खटपट."

एकदा मी खिडकीतून बघत होते. हे रोपं वेगळी करत होते. मधेच दोन्ही हात कामाच्या उंच टेबलावर टेकून, मान खाली घालून थांबले. खुर्ची हाताच्या अंतरावर होती. पण बसले की टेबल छातीच्या वर जायचं, हात मातीपर्यंत पोचायचेच नाहीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बसायला जागा देत होते, आणि यांना काम सोडून बसायचंच नव्हतं.

हे तपासणीला लेकीबरोबर गेले त्या दिवशी मी सुताराला बोलावलं आणि टेबलाचे पाय कापून घेतले. खुर्चीत बसलं की मातीचा ट्रे बरोबर हाताशी. सुतार म्हणाला, "काकू, काकांना विचारलंय ना?" मी म्हटलं, "तू करवत चालव."

हे आले आणि दारातच थबकले.

"माझ्या टेबलाला कोणी हात लावला?"

"सुताराने. मी सांगितलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?" आणि वातावरण जरा हलकं करावं म्हणून वर म्हटलं, "लिफ्टवाल्याला खाली-वर काय नवीन आहे?"

माझं मेलीचं तोंडच वाईट. यांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्या टेबलावरून हात फिरवत राहिले.

"माझ्या वडिलांना बघितलंयस ना तू? एकदा खुर्चीत बसले, ते परत उठलेच नाहीत."

"आणि तुम्ही इथे उभ्या उभ्या कोसळलात तर? मी कोणाला हाक मारू?"

मी जेवायला वाढलं आणि आत निघून गेले.

पुढचे काही दिवस यांनी त्या बुटक्या टेबलावर कमरेत वाकून काम केलं. पाठ धरली तरी बसायचं नाव नाही. मी रोज लेप लावायची आणि रोज मनातल्या मनात बोटं मोडायची. सुताराला परत बोलावून पाय जोडून घ्यावेत का, असंही एकदा वाटून गेलं.

मग एका दुपारी चहा घेऊन गेले, तर हे खुर्चीत. पाय लांब केलेले, मांडीवर जुना टॉवेल, हात मातीत. टोमॅटो जमिनीवर उतरवून ठेवलेले. मला इतका आनंद झाला की चहा बशीत सांडला. जिंकले होते ना मी! पण बोलायचं नाही, असं ठरवून कप टेबलावर ठेवला आणि वळले.

"अगं," हे म्हणाले, "वरची झडप तेवढी उघडतेस? आत फार गरम होतंय."

छताची ती झडप यांच्याशिवाय कोणी उघडलेली नव्हती. एकदा जावई हौसेने चढले होते, तर त्यांना खाली उतरवून हे स्वतः चढले होते.

"मला जमेल?"

"जमेल. खिटी आधी डावीकडे सरकव, मग वर ढकल. स्टूल डुगडुगतं, सांभाळून."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ लावलं आणि चढले. खिटी काही केल्या सरकेना, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसेनाही. वर्षभर ज्यासाठी भांडले ते मिळालं होतं, आणि मला ते नको झालं होतं. यांनी उठावं, मला खाली ओढावं, "सरक, तुझं काम नाही हे" म्हणून खेकसावं, असं फार वाटत होतं.

"डावीकडे गं, डावीकडे."

खिटी सुटली. झडप उघडली आणि गार वारा आत आला. उतरण्यासाठी मी खाली पाहिलं. हे खुर्चीतून उठले नव्हते. बसल्या जागेवरून एका कुशीवर कलून, मातीने भरलेल्या हाताने त्यांनी स्टुलाचा पाय घट्ट धरून ठेवला होता.