थिमच्या वाट्याचं माप

"पुन्हा?" मोटारसायकलवरून उतरता उतरता हयामने नवऱ्याला विचारलं.

थिम कॉफीच्या झाडांआड जाऊन उभा राहिला, आणि बराच वेळ नुसता उभाच राहिला. पुढे गेलेला मेहुणा क्लोंग गाडी वळवून परत आला.

"दाजी, पोरीसाठी नवरा मागायला निघालोय आपण! पोराकडचे वाट बघून झोपतील."

"आलो, आलो," थिम झाडांतून ओरडला. आलं काहीच नव्हतं. चार थेंब, तेही उपकार केल्यासारखे.

थिम बुओन मा थुओट शहरातल्या एका कारखान्यात कॉफी भाजायचा. उभा जन्म भट्टीपुढे गेला. प्रत्येक घाण्याची चव बघायची म्हणून दिवसभर हातात कप, आणि सणासुदीला गावात दारूचा रांजण उघडला की हा पहिल्या रांगेत. मग प्रोस्टेटची गाठ वाढली. गेल्या महिन्यात शेजारच्या मयताला पोटभर दारू प्यायला आणि घरी येऊन लघवी पार अडली. इस्पितळात नळी घालून सोडवली तेव्हा गडी लहान मुलासारखा रडला होता. डॉक्टरांनी बजावलं, दारू बंद, कॉफी-चहा कमी, पाणी थोडं थोडं पीत राहायचं. पुन्हा अडली तर लघवीची पिशवी लावून घरी पाठवीन, मग ऑपरेशन. हे फक्त हयामला ठाऊक होतं. बाकी गावाला त्याने मुतखडा म्हणून सांगितलं. मुतखड्यात कशी मर्दानगी असते!

तो परत आला तेव्हा हयाम पाण्याची बाटली पुढे करून उभी होती.

"नको. सकाळपासून थेंब घेतला नाही मी. टाकी रिकामी असली की वांधा नाही."

"आणि निघताना कॉफी ढोसलीस ती?"

"कॉफी म्हणजे काय पाणी आहे?"

"अरे देवा! दारू बंद करायला सांगितली डॉक्टरने. तू पाणी बंद केलंस आणि दारू प्यायला निघालास!"

"हळू बोल. मी शेवटी बसणार आहे. प्रत्येकाने प्यायलं की रांजणात वरून पाणी ओततात ना? माझ्यापर्यंत येईतो पाणीच उरतं."

हयामने कपाळावर हात मारला.

पोराच्या घरी, जमिनीपासून उंच बांधलेल्या लांबच लांब खोलीत खांबाला रांजण बांधला होता. त्यात खुपसलेली वेताची नळी आधी बायकांकडे गेली, थोरलीपासून धाकटीपर्यंत, मग पुरुषांकडे. रांजणाच्या तोंडावर काडी आडवी टाकलेली आणि तिला खाली दारूत उतरलेलं टोक. ते टोक उघडं पडेपर्यंत ओढायचं, ते एकाचं माप. आणि पुढच्याने हातात घेईपर्यंत नळी सोडायची नाही. सोडली तर यजमानाकडे पाठ फिरवली म्हणून समजतात. थिम चांगला दाराजवळ कोपरा धरून बसला होता. सगळं बेताप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात पोराची आजी कडाडली. "मुलीचा बाप दाराशी? आणि हे धुवण पाजणार त्याला? नवा रांजण सोडा!"

झालं! नवा रांजण आला, तोंडावरची पानं निघाली, दाट आंबूस वास घरभर पसरला आणि नळी थिमच्या हातात पडली. पहिलं माप, सगळ्यात कडक.

क्लोंगने कोपराने ढोसलं. "ओढा, दाजी. मागणीची पितळी बांगडी अजून माझ्या हातातच आहे. त्यांनी घेतली नाही तर हजुआनचं लग्न मोडलं म्हणून समजा."

थिमचं ओटीपोट दगड झालं होतं. समोर बायकांत बसलेली त्याची लेक हजुआन खाली बघत होती. पोर त्या पोरासाठी वर्षभर झुरली होती. आणि हयाम डोळ्यांनी नको नको म्हणत होती. त्याने नळी ओठांजवळ नेली. त्याला इस्पितळातली ती खाट आठवली. भीती वाटली, सरळ सरळ भीती. मग त्याला स्वतःचाच संताप आला. एवढं वय झालं आणि घाबरायचं कशाला, तर लघवी हा शब्द उच्चारायला?

नळी न सोडता तो मोठ्याने म्हणाला, "आजी, मला प्यायची नाही. माझी लघवी अडते. मुतखडा नाही, गाठ आहे. ही प्यायलो तर पहाट इस्पितळात होईल. तुमच्या घराचा मान मला आहे, पण पिणार नाही."

क्लोंगचा चेहरा उतरला.

आजी उठली, वाकत वाकत त्याच्याजवळ आली आणि खाली बसली. "रात्री किती वेळा उठतोस?"

"मोजत नाही आता."

"माझा म्हातारा म्हणायचा, आभाळ बघून येतो. रोज आभाळ! पाय सुजले, मूत्रपिंडं गेली, पण एक शब्द बोलला नाही मेला. पीतच राहिला. लोक काय म्हणतील!" तिने नळीकडे बघितलं. "लोक मयताला आले, जेवले, गेले."

तिने त्याच्या हातातून नळी घेतली आणि त्याच्या वाट्याचं माप ओढू लागली. म्हातारी दम खात खात प्यायली. काडीचं टोक उघडं पडलं तसं तिने तोंड पुसलं आणि क्लोंगपुढे हात केला. "दे ती बांगडी."

क्लोंगने घाईघाईने दिली. हजुआन रडायलाच लागली.

"आणि तू जा बाहेर," आजी थिमला म्हणाली. "सावकाश हो. घाईने परत यायचं नाही."

थिम शिडी उतरून झाडांत गेला. या वेळी कुणी हाक मारली नाही. बराच वेळ गेला. तो परत आला तेव्हा सगळे तसेच बसले होते आणि आजीने नळी घट्ट धरून ठेवली होती. तिने ती त्याच्या हातात दिली.

"दे आता पुढच्याला. तुझी पाळी झाली."