सहावी रेषा

पाच रेषा सापडल्या तेव्हा ती हसलीसुद्धा नाही. इतकी दमली होती की आनंद करायचं काम उद्यावर ढकलून तिने खुर्चीतच डोळे मिटले. संगणकाच्या पडद्यावर रेषा उभ्या होत्या, बारीक, पण असायला हव्यात तिथेच. कुठल्या तरी लांबच्या, थंडगार, काळ्या ढगातून आलेल्या रेडिओलहरींच्या त्या खुणा. कार्बनची दोन कडी एकमेकांना चिकटलेली आणि एका टोकाला शेपूट, असा एक रेणू त्या ढगात आहे असं तिचं म्हणणं होतं. ते सिद्ध करता करता तिचे केस पांढरे झाले होते.

"सापडलं का गं ते तुमचं?" सासूबाई रोज जेवताना विचारायच्या, घरातली किल्ली हरवल्यासारखं. कार्बन म्हणजे काजळी, एवढं त्यांनी मुलाकडून काढून घेतलं होतं. तेव्हापासून "काजळी शोधायला एवढी मोठी थाळी लागते होय?" हा तिच्या रेडिओ दुर्बिणीवरचा त्यांचा ठरलेला विनोद. गंमत म्हणजे त्या फारशा चुकत नव्हत्या; असली कडी काजळीतही असतात.

काम नवरा-बायकोत वाटलेलं होतं. रेणू आकाशात गिरक्या घेतो आणि गिरक्या घेताना ठरावीक लहरीच सोडतो. पण कुठला रेणू कुठल्या लहरी सोडतो, हे आधी इथे खाली, प्रयोगशाळेत मोजून ठेवावं लागतं. ते नवऱ्याचं काम. काचेच्या लांब नळीतली हवा काढून टाकायची, तिच्यात रेणू तयार करायचा आणि तो मोडून जायच्या आत त्याच्या रेषा टिपायच्या. तो आकडे द्यायचा, आणि ती मोठ्या दुर्बिणीने तेच आकडे आभाळात धुंडाळायची. नुसत्या गणिताने भागत नव्हतं, कारण या रेणूची शेपूट सारखी डुलते आणि गणिताला दाद देत नाही. शिवाय जगात दुसऱ्या कुणी तो बनवलेलाच नव्हता. त्यामुळे या बाबतीत नवरा म्हणेल तेच खरं, असा मामला होता. घरातल्या बाकी कुठल्याही बाबतीत तसं नव्हतं.

अडचण झाली ती इथे. नवऱ्याच्या मापात ठळक रेषा सहा होत्या, ढगात मिळाल्या पाच. सहावीच्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. रेणू असेल तर त्याच्या सगळ्या ठळक रेषा दिसल्याच पाहिजेत. एक जरी आली नाही तर उरलेल्या दुसऱ्याच कुणाच्या आहेत असं समजायचं. त्या ढगात रेणूंची गर्दी काही कमी नव्हती. तिने आधी दुर्बिणीला दोष देऊन पाहिला. दुर्बीण निर्दोष निघाली. मग स्वतःच्या हिशोबात खोट काढायचा प्रयत्न केला. तीही सापडेना.

आणि वेधशाळेचे संचालक तर हात धुऊन मागे लागलेले. पुढच्या वर्षी दुर्बीण कुणाला द्यायची ते सोमवारी ठरणार होतं. रेणू सापडला तर तिचं काम चालू, नाहीतर बंद. "रविवारी हो की नाही ते कळवा, मॅडम," असं ते म्हणाले होते, आणि 'नाही' हा शब्द त्यांनी उगाच औपचारिकता म्हणून उच्चारला होता.

आता उरलं होतं नवऱ्याचं माप, आणि त्याबद्दल त्याला विचारणं तिच्या जिवावर आलं होतं. मूळ मापं घेतली तेव्हा तो मोठ्या दुखण्यातून नुकताच उठला होता. शेवटी शनिवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "सहावी परत एकदा मोजशील?" त्याला राग यायला हवा होता. तो नुसता "बरं" म्हणाला, आणि तिला जास्तच वाईट वाटलं.

रविवारी दोघं प्रयोगशाळेत गेली. पंप घरघरत राहिला, नळीत जांभळट उजेड पडला. त्याने नेहमीसारखं प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली. दुपार कलताना रेषा उमटली. जुन्याच जागी, जुन्याच उंचीची.

"तिथेच आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. मग खाली मान घालून म्हणाला, "असं कर. नळीत तेव्हा भेसळ होती म्हणून लिही. आधीच्या प्रयोगाचं काहीतरी राहून गेलं होतं, सहावी रेषा त्याची. मी सही करतो."

"आणि आजचं माप?"

"आज कुठे काय मोजलं? आज रविवार आहे. सुट्टी."

"वेड लागलंय का तुला?"

"अगं, आजारी माणसाच्या हातून होतात चुका. लोक चार दिवस हसतील. माझं काय जातंय? तुझं मात्र सगळं जाईल."

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. कोण तपासणार होतं? एका सहीचा प्रश्न, आणि हातातोंडाशी आलेला घास तोंडात पडत होता. पण हाच माणूस दशांश चिन्हापुढच्या चौथ्या आकड्यासाठी भर सभेत भांडलेला होता, त्यापायी दोन मित्र गमावून बसला होता. तो आज तिच्यासाठी खोटं बोलायला निघाला होता. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. संचालकच होते.

"काय मॅडम, अभिनंदन करू ना?"

"नाही सर. रेणू तिथे नाही. सहावी रेषा येत नाही."

"अहो, मग मापातच गडबड असेल! तुमचे मिस्टर तेव्हा आजारी होते ना?"

समोर नवरा हो म्हण, हो म्हण अशी जोरजोरात मान हलवत होता. तिने त्याच्याकडे बघतच उत्तर दिलं.

"माप त्यांचं आहे, सर. ते चुकीचं नाही."

"विचार करा. उद्या दुर्बीण जाईल."

"जाऊ दे."

तिने फोन ठेवला. नवरा स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"मी काय कधी चुकत नाही का?" तो कसंबसं म्हणाला.

"घरात चूक," ती म्हणाली. "घरात हवं तेवढं चूक. इथे तू खोटा ठरलास तर मग माझ्याकडे उरलं काय?"